वाफेचं मशीन: एका घरात भरभरून वाफ, दुसऱ्या घरात नुसता लाल दिवा

सर्दीचा मोसम सुरू झाला की ही तक्रार हमखास येते. "मशीन चालू होतंय, लाल दिवा लागतोय, पण वाफच येत नाही." आणि त्याच आठवड्यात दुसरं कोणीतरी त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या मशीनबद्दल सांगतं की वाफ इतकी जोरात येते की उकळतं पाणी तोंडावर उडतं. पहिला माणूस मशीन बदलून आणतो. नवीन मशीनही तसंच वागतं. मग दुकानदाराशी वाद, कंपनीला शिव्या, आणि शेवटी मशीन माळ्यावर.

आमच्या घरात हे दोन्ही एकाच वेळी घडलं, म्हणून मला ते नीट कळलं. पुण्यात एका दुकानातून मी एकसारखी दोन मशीन घेतली होती. एक आमच्यासाठी, एक गावी आईसाठी. आई दादा-वहिनींकडे असते, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. आठवडाभरात वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ह्यातून वाफेबरोबर गरम पाणी उडतंय, आईंना द्यायला भीती वाटते." इकडे आमच्या मशीनला दहा मिनिटं झाली तरी भांडं जेमतेम कोमट. मला वाटलं आमचा नग खराब निघाला आणि गावचा जरा जास्तच तापतोय. दिवाळीला गेलो तेव्हा दोन्ही मशीन बदलून पाहिली. आमचं 'बंद पडलेलं' मशीन वहिनींच्या स्वयंपाकघरात तिसऱ्याच मिनिटाला धडाधडा वाफ सोडायला लागलं. आणि गावचं 'तापट' मशीन पुण्यात आणलं तर ते गपगार.

दोष मशीनबरोबर फिरला नाही, तो घराबरोबर राहिला. दोन्ही घरांत वेगळं होतं ते फक्त पाणी. आमच्याकडे आरओचं, गावी बोअरचं.

आधी मशीन उघडून बघा

वाफेचं मशीन म्हणून आपण जे घेतो त्यात आतून अगदी वेगळ्या जाती असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर बिघडतं. म्हणून प्लग काढून, पाणी ओतून टाकून, झाकण उघडून आत बघा.

झाकणाला खाली लोंबणारी एक नळी असेल आणि तिच्या आत दोन काळ्या कांड्या किंवा दोन पत्र्या समोरासमोर असतील, तर ते इलेक्ट्रोडचं मशीन. स्वस्त प्लास्टिकच्या मशीनमध्ये बहुतेक हेच असतं. त्यात कॉइल नसते, हीटर नसतो. वीज एका कांडीतून दुसऱ्या कांडीकडे पाण्यातूनच जाते आणि पाणीच तापतं. म्हणजे पाणी हाच हीटर. भांड्याच्या तळाला धातूची चकती असेल आणि कांड्या वगैरे काही नसेल, तर ते हीटरचं मशीन. त्यात वीज चकतीखालच्या हीटरमध्ये राहते, पाण्याला फक्त उष्णता मिळते.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. लाल दिवा लागला म्हणजे मशीन काम करतंय असं नाही. बहुतेक मशीनमध्ये तो दिवा फक्त प्लगमधून वीज आली एवढंच सांगतो. पाण्यातून करंट वाहतोय की नाही हे त्याला कळत नाही. रिकाम्या मशीनलाही तो लागतो.

इलेक्ट्रोडच्या मशीनला पाण्याचं इतकं का लागतं

शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. आरओचं काम तेच क्षार काढून टाकण्याचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर आणून मी मोजलं. आमच्या आरओच्या पाण्यात २८, सोसायटीच्या नळाच्या पाण्यात ९०, आणि गावच्या बोअरच्या पाण्यात ११४० आलं, सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मराठवाड्यातल्या बोअरला हजाराच्या पुढचा आकडा नवा नाही. पुण्याला मिळणारं खडकवासला धरणाचं पाणी मात्र मुळातच मऊ, त्यात आरओ लावला की क्षार जवळजवळ उरतच नाहीत.

आता हिशेब बघा. २८ आणि ११४० यांत चाळीस पटींचा फरक. करंटमध्येही ढोबळमानाने तेवढाच फरक पडतो. गावच्या पाण्यात मशीन ४०० वॉट घेत असेल, तर आमच्या पाण्यात त्याच कांड्या १० वॉट घेणार. २०० मिली पाणी २५ अंशांपासून उकळीला आणायला साधारण ६३ हजार ज्यूल लागतात. ४०० वॉटने ते अडीच-तीन मिनिटांत होतं. १० वॉटने पावणेदोन तास लागतील, तेही भांड्यातून जराही उष्णता बाहेर गेली नाही तर. ती जाते, म्हणून उकळी येतच नाही. मशीन खराब नव्हतंच, आम्ही त्याच्या पोटात हीटरच घातला नव्हता.

उकळी येणं आणि वाफ मिळणं यातही मोठं अंतर आहे. एक ग्रॅम पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ ज्यूल पुरतात, पण त्याच ग्रॅमची वाफ करायला आणखी २२५७ लागतात, म्हणजे सातपट. म्हणून "पाणी गुडगुडतंय पण वाफ अगदीच बारीक" ही अवस्था येते. वॉट कमी पडतात, एवढाच त्याचा अर्थ. ३०० वॉट खरोखर पाण्यात उतरत असतील तर मिनिटाला ८ ग्रॅमच्या आसपास वाफ मिळते, ५०० उतरत असतील तर १३ ग्रॅम. तेवढ्या वॉटमध्ये यापेक्षा जास्त कुठलंच मशीन देऊ शकत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

सुरुवातीला मंद आणि नंतर एकदम जोरात, असंही हे मशीन वागतं. पाणी तापेल तसं ते वीज जास्त वाहू देतं, नेहमीच्या तापमानाला दर अंशामागे साधारण दोन टक्क्यांनी. शिवाय पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, म्हणजे उरलेलं पाणी आणखी खारट होत जातं. म्हणून पहिली दोन मिनिटं काही झालं नाही म्हणून मीठ टाकत बसू नका. पाच मिनिटं तरी थांबा.

मीठ किती

उपाय सगळ्यांना माहीत आहे, चिमूटभर मीठ. घोळ होतो तो प्रमाणात. मी छोट्या डिजिटल काट्यावर माझी चिमूट तोलली, ०.३ ग्रॅम भरली. २०० मिली पाण्यात ती टाकली की लिटरला दीड ग्रॅम, म्हणजे १५०० मिलिग्रॅम मीठ झालं. म्हणजे एका चिमटीत आरओचं पाणी गावच्या बोअरच्याही पुढे गेलं! आणि लोक चमचा टाकतात. चहाचा एक चमचा मीठ सुमारे ५ ग्रॅम, २०० मिलीत टाकलं तर लिटरला २५ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ३५ असतं. असल्या पाण्यात करंट एकदम वाढतो, पाणी नळीतून उसळून बाहेर येतं, वायर गरम होते, आणि नशीब चांगलं असेल तर एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) पडतो.

आम्ही आता असं करतो. १०० मिली पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून ते बाटलीत भरून ठेवलंय. बाटलीवर ठळक अक्षरात लिहिलंय. मशीनमध्ये आरओचं किंवा नळाचं पाणी भरल्यावर त्यातलं अर्धा चमचा घालायचं. पाच मिनिटांत वाफ समाधानकारक नसेल तर प्लग काढून आणखी अर्धा चमचा. बाटलीतल्या पाण्यानं माप हातात राहतं, आणि कोरडं मीठ तळाशी बसून कांडीजवळ एकाच जागी साचण्याचा प्रश्न येत नाही.

बोअरचं पाणी असेल तर उलट करायचं. मीठ अजिबात नाही, आणि तरीही उडत असेल तर त्यात अर्धं आरओचं किंवा पावसाचं पाणी मिसळायचं. वहिनी आता एक पेला बोअरचं आणि एक पेला गावातल्या फिल्टर प्लांटच्या जारचं पाणी घालतात. उडणं थांबलं.

आणि हे कळकळीने सांगतो: इलेक्ट्रोडच्या मशीनमध्ये प्लग लावलेला असताना पाण्यात वीज असते. अक्षरशः असते. पाणी किती तापलं ते बघायला बोट घालू नका, चालू मशीनमध्ये मीठ टाकू नका, वरून पाणी ओतू नका, स्टीलचा चमचा घालून ढवळू नका. बटण बंद करणं पुरेसं नाही, दोन पिनांचा प्लग उलटा बसला किंवा बोर्डातलं वायरिंग उलटं असलं तर बटण बंद असूनही फेज आत राहू शकते. प्लगच काढा. घरात ईएलसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

पाणी बरोबर आहे, तरी वाफ नाही

मग नळी बघा. कांड्यांभोवतीच्या नळीला खाली एक-दोन बारीक भोकं असतात. त्यातून पाणी थोडं थोडं आत येतं आणि फक्त नळीतलं पाणी उकळतं, म्हणून सगळं भांडं तापण्याआधीच वाफ सुरू होते. ती भोकं क्षारांनी बुजली की आतलं पाणी उडून जातं, नवीन येत नाही, आणि वाफ अर्ध्या मिनिटात तुटते. थोडं थांबून पुन्हा येते, पुन्हा तुटते. टूथपिकने भोक मोकळं केलं की प्रश्न मिटतो. आमच्या शेजारच्या काकूंचं 'जळालेलं' मशीन एवढ्यावर सुरू झालं.

कांड्यांवर पांढरा कडक थर असेल तर पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व विरघळवून झाकण त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. कांड्या तेवढ्याच बुडवायच्या, वायरीकडची बाजू कोरडी ठेवायची. मग जुन्या टूथब्रशने घासा. चाकूने खरवडू नका, कार्बनची कांडी ठिसूळ असते. आणि मशीन चालू करून त्यात लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर उकळण्याचा प्रयोग तर नकोच, आम्ल विजेचं चांगलं वाहक असतं.

काही जण पाण्यातच बाम, निलगिरीचं तेल, कॅप्सूल टाकतात. त्या तेलाचा थर कांड्यांवर बसतो, करंट कमी होतो आणि प्लास्टिकलाही कालांतराने तडे जातात. औषधासाठी वरच्या तोंडाशी वेगळी खाच किंवा कप असेल तर तिथेच ते घालायचं, नसेल तर नुसती वाफ घ्यायची. दोन वर्षांखालच्या बाळाजवळ कापूर-मेंथॉलचं काहीही नको.

पाण्याची पातळी हेही एक कारण असतं. कांड्या जितक्या बुडतील तितका करंट. खुणेच्या खाली पाणी गेलं की वाफ कमी होत जाते आणि कांड्या उघड्या पडल्या की आपोआप थांबते. ते मशीनचं अंगभूत संरक्षण आहे, बिघाड नव्हे. पण भांडं काठोकाठ भरलं तर उसळून उडतं. खुणा दोन दिलेल्या असतात त्या याचसाठी.

व्होल्टेज

गावाकडे हा मुद्दा पाण्याइतकाच मोठा आहे. शेतीपंप सुरू झाले की घरात १८० व्होल्ट मिळणं ही नेहमीची गोष्ट. व्होल्टेज कमी झालं की वॉट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतात. २३० च्या जागी १८० आले तर वॉट राहतात ६१ टक्के. सकाळी जोरात आणि संध्याकाळी मंद वाफ येत असेल, तर मशीन उघडण्याआधी ट्यूबलाइट आणि पंख्याकडे बघा.

याच हिशेबाचा दुसरा नमुना म्हणजे अमेरिका. मुलाकडे, मुलीकडे जाताना आई बॅगेत वाफेचं मशीन आठवणीने घालते. तिकडे १२० व्होल्ट. वर्गाचा हिशेब केला तर इथल्या वाफेच्या जेमतेम पाव हिस्सा. पिन बदलणारा ॲडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. तिथे तिथलंच मशीन घ्यावं. आणि तिथलं मशीन परत येताना इकडे आणून लावू नये, कारण २३० व्होल्टला ते साडेतीन पटींहून जास्त वॉट ओढेल. याला वाफ जास्त येणं म्हणत नाहीत, हा सरळ धोका आहे.

हीटरच्या मशीनचं दुखणं वेगळं

इथे मीठ घालू नका, त्याचा काही उपयोग नाही, उलट चकती गंजते. पाणी आरओचं असो की नळाचं, वाफ सारखीच येते. आणि आरओचं पाणीच या मशीनला चांगलं, कारण याचा शत्रू म्हणजे चकतीवर बसणारा थर. थर उष्णतेला अडवतो, खाली हीटर जास्त तापतो, थर्मोस्टॅट वेळेआधीच वीज तोडतो. मग उकळतं, थांबतं, उकळतं, थांबतं असा खेळ चालतो. लोक थर्मोस्टॅट बदलायला निघतात. आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर भिजवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पीटीसी हीटर असेल तर तो स्वतःचं तापमान स्वतः सांभाळतो, म्हणून कमी व्होल्टेजलाही त्याची वाफ त्या मानाने कमी घसरते. गावासाठी घ्यायचं असेल तर मी हेच सुचवीन, थोडे पैसे जास्त गेले तरी. पाण्यात वीज नसते हाही मोठा फायदा.

डोळ्यांना दिसते ती वाफ किती खरी

"ताईकडे बघा कसे ढग येतात, आपल्याकडे काहीच नाही," असं व्हिडिओ कॉलवर बघून ठरवू नका. खरी वाफ दिसत नसते. चुलीवरच्या किटलीच्या तोंडाशी नीट बघा, अगदी तोंडापाशी बोटभर जागा मोकळी, पारदर्शक असते आणि पांढरं त्यानंतर सुरू होतं. ते पांढरं म्हणजे थंड हवेत वाफेचे झालेले बारीक थेंब. थंडीत, एसीच्या खोलीत किंवा पावसाळी दमट हवेत ते दाट दिसतात आणि रेंगाळतात. नागपूरच्या मे महिन्यात तेवढीच वाफ सोडली तर थेंब लगेच विरून जातात आणि मशीन मंद वाटतं.

म्हणून मोजून बघायचं. मापाच्या कपाने पाणी भरा. वाफ सुरू झाल्यापासून दहा मिनिटं चालवा, प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या, उरलेलं पाणी परत मोजा. दहा मिनिटांत ६० ते ८० मिली कमी झालं असेल तर मशीन उत्तम आहे, ढग दिसो न दिसो. २० मिलीसुद्धा गेलं नसेल तर वरची कारणं एकेक करून तपासा. पाण्यापासून सुरुवात करा. उडून बाहेर पडलेलं पाणी मात्र वाफेत धरू नका, टेबल ओलं असेल तर ती चाचणी बाद.

गार धुकं सोडणारं मशीन

एसीमुळे घसा कोरडा पडतो म्हणून अनेकांनी ह्युमिडिफायर घेतलाय. तो पाणी तापवत नाही. तळाची छोटी चकती सेकंदाला साधारण १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. पाण्यातले क्षार तुषारांबरोबरच उडतात, म्हणून बोअरच्या पाण्यावर चालवला की टीव्हीवर, गाद्यांवर पांढरी भुकटी बसते, आणि तीच श्वासातही जाते. म्हणजे या मशीनला आरओचंच पाणी हवं, जे इलेक्ट्रोडच्या मशीनला मिठाशिवाय चालत नाही. एकाच घरात दोन्ही असतील तर पाण्याची अदलाबदल हमखास होते, आमच्याकडेही झाली. ह्युमिडिफायरमध्ये मीठ कधीच नाही. धुकं कमी झालं तर चकतीवरचा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने आणि कापसाने हळुवार काढा. पाणी रोज बदला, साचलेल्या पाण्यात बुरशी धरते.

नेब्युलायझर तर वाफेचं मशीनच नाही, ते डॉक्टरांनी दिलेलं औषध फुप्फुसात पोहोचवण्यासाठी असतं. त्याचा फवारा मंदावला तर कप सरळ उभा आहे का, नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, हवेचा फिल्टर काळा पडलाय का, आणि कपातलं बारीक छिद्र वाळलेल्या औषधाने बुजलंय का, एवढं बघा. यात बाम, तेल, मिठाचं घरगुती पाणी काहीही घालू नका.

मशीन कधी टाकून द्यायचं

कांड्या झिजून बारीक झाल्या असतील, पाणी काळं किंवा तपकिरी होत असेल, झाकणाला तडा असेल, वायर झाकणाजवळ मऊ किंवा पिवळी पडली असेल, किंवा हात लावल्यावर जराही झिणझिण्या येत असतील, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. तीन-चारशे रुपयांच्या मशीनसाठी तो धोका घेण्यासारखा नाही. मी स्वतः घरातली बरीच उपकरणं उघडतो, पण हे उघडत नाही.

वाफेने विषाणू मरत नाहीत, नाक मोकळं होतं, आराम पडतो, तेवढ्यासाठीच ती घ्यायची. लहान मुलं भाजतात ती बहुतेक वेळा वाफेपेक्षा कलंडलेल्या उकळत्या पाण्याने. म्हणून मशीन मांडीवर किंवा गादीवर नको, सपाट टेबलावर भिंतीकडे सरकवून ठेवायचं आणि वायर पायात येऊ द्यायची नाही. आईसाठी आम्ही मशीन उंच कडांच्या स्टीलच्या परातीत ठेवतो. कलंडलं तरी पाणी परातीत राहतं. मात्र परात पुसून पूर्ण कोरडी केल्यावरच प्लग लावायचा, आणि प्लग काढल्याशिवाय परातीला हात लावायचा नाही. वहिनींनी हे बोर्डाशेजारी कागदावर लिहून चिकटवलंय.